काठ आत येतोय

"मागे रेल. अजून. अगं, पडत नाहीस, रेल," म्हणत सासूबाईंनी तिच्या कमरेमागचा पट्टा दोन्ही हातांनी खाली ओढून नीट बसवला.

सून रेलली. समोरचे उभे धागे एकदम ताठ झाले. जमिनीवर पाय पसरून बसलेली ती, कमरेला पट्टा, पट्ट्याला काठी, काठीला धागे, धाग्यांच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक काठी आणि त्या काठीला बांधलेली जाड दोरी. दोरी पुढे सरळ समोरच्या भिंतीतल्या भोकात शिरून मागच्या खोलीत जात होती. या मागाला ना खांब, ना चौकट. विणणारी मागे रेलली की माग उभा राहतो, पुढे झुकली की सगळा पसारा मांडीवर कोसळतो.

"श्वास सोड. श्वास रोखलास की धागेही रोखतात."

"जमेल का हो आई मला?"

सासूबाई उठल्या, गुडघ्यावर हात टेकून जरा थांबल्या, आणि मागच्या खोलीत गेल्या. थोड्या वेळानं भोकातून आवाज आला, "बांधलंय गं!" दोरी ताठ झाली. मग सगळं शांत.

या शांततेची सुनेला सवय होती. लग्न होऊन वर्ष झालं, पण सासूबाई तिच्याशी कामापुरतं बोलत. दार लावलंस का, मीठ जास्त पडलंय, दिवा घालव. नवरा लांबच्या कारखान्यात, सुट्टीला तेवढा येणार. उरलेले दिवस या दोघी आणि तीन खोल्या. सासूबाई वाईट नव्हत्या. कधी टाकून बोलल्या नाहीत, ताटात कधी कमी वाढलं नाही. पण पाहुणीला वाढावं तसं वाढत. वर्षभर पाहुणी म्हणून राहणं किती अवघड असतं, हे जी राहिली तिलाच विचारावं.

म्हणून तिनं एक दिवस मोठ्या हिमतीनं विचारलं होतं, "मला विणायला शिकवाल?"

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून गुंडाळून ठेवलेला माग खाली आला, त्याच्यावरची धूळ झटकली गेली. नवऱ्याला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "खरंच आईनं काढला?"

त्या मागाबद्दल त्यानं लग्नाआधीच सांगितलं होतं. आई पुढच्या खोलीत विणायची आणि त्याची थोरली बहीण मागच्या. दोघींना आपापल्या खिडकीचा उजेड हवा, म्हणून वडिलांनी मधल्या भिंतीला भोक पाडून दिलं. आईच्या मागाची दोरी बहिणीच्या मागाला, मध्ये भिंत. एकीनं रेलायचं, दुसरीनं तोलायचं, अशी ती दोघींची बैठक. मग बहीण गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. त्यानंतर आईनं काही महिने दोरी खिडकीच्या गजाला बांधून विणून पाहिलं आणि एक दिवस सगळा माग गुंडाळून माळ्यावर टाकला. यापलीकडे त्याला काही माहीत नव्हतं, किंवा असलं तरी सांगायचं नव्हतं.

पहिले काही दिवस सुनेच्या नाकी नऊ आले. धागे एकमेकांत अडकत. फासांची काठी उचलली की अर्धेच धागे वर येत आणि बाकीचे रुसल्यासारखे खालीच राहत. ठोकायची लाकडी पट्टी घालताना ती दर वेळी तिरकी जाई. पाठ तर अशी दुखायची की दोन पोती वाहिल्यासारखं वाटावं. सासूबाई सकाळी समोर बसून दाखवत आणि दुपारी "पलीकडे बांधते" म्हणून मागच्या खोलीत जात. भोकातून "बांधलंय गं!" आलं की पुढे संध्याकाळपर्यंत चिडीचूप.

मग एका दुपारी ती कंटाळून पुढे झुकली, धागे सैल पडले, आणि दोरीला दोन हिसके बसले. हलकेच. एक, आणि लगेच दुसरा. एखाद्यानं मागून बाही ओढावी तसे.

ती दचकून ताठ बसली. आणि मग तिला हसूच फुटलं. सासूबाई! मूग गिळून बसणारी बाई, पण दोरीवरून कशी दटावते बघा!

त्या दिवसापासून शिकणं वेगळंच झालं. ती सैल पडली की दोन हिसके. पट्टी तिरकी गेली की दोन हिसके. एखादी ओळ झकास जमली की दोरी जराशी सैल होई आणि पुन्हा हळूच ताठ, जशी कुणी पलीकडे समाधानानं मान हलवावी. हळूहळू तिच्या लक्षात आलं की पलीकडचं माणूसही श्वास घेतंय. तिनं आपला श्वास त्या श्वासाशी जुळवला आणि धागे आपोआप उघडू मिटू लागले. एकदा तिनंच धीर करून दोन हिसके दिले. पलीकडे क्षणभर काही नाही. मग उत्तर आलं, दोन हिसके, आणि पाठोपाठ असा एक खट्याळ तिसरा की ती एकटीच खोलीत खदखदून हसली.

रात्री जेवताना ती सासूबाईंकडे चोरून बघायची. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. "भाजी घे," एवढंच. पण आता तिला त्या गप्प राहण्याचं दडपण वाटेनासं झालं. काही माणसांना तोंडानं माया करता येत नाही, असं ती मनाशी म्हणे, त्यांना दोरी लागते. इतकी खूश होती ती. माहेरी फोन करून आईला सांगून झालं होतं, "अगं, त्यांना मी आवडायला लागलेय."

कोपऱ्यावरची शिंपीण एकदा कापड बघायला आली. जिभेला हाड नसलेली, पण मनानं निर्मळ बाई. "बघू तरी नव्या नवरीनं काय गोंधळ घातलाय," म्हणत तिनं विणून झालेलं कापड खिडकीपाशी धरलं, काठावरून अंगठा फिरवत गेली आणि मध्येच थांबली. अंगठा मागे नेला, पुन्हा पुढे आणला.

"दर वितीला काठ जरासा आत येतोय," ती म्हणाली.

"नवखी आहे. श्वास रोखते," सासूबाई म्हणाल्या.

"हो ना? तसंच असेल." शिंपिणीनं कापड घडी करून खाली ठेवलं. त्या दिवशी तिनं एकही थट्टा केली नाही. जाताना दारात थांबून तिनं सुनेच्या हातांकडे पाहिलं आणि काही न बोलता निघून गेली.

कापड ओळखणारी माणसं अशीच असतात, त्यांना काहीतरी खुपतच, असं म्हणून सुनेनं ते सोडून दिलं.

आणि मग ती दुपार आली.

ऊन भिंतीवरून खाली उतरत होतं. सून छान लयीत होती. काठी उचल, धागा घाल, पट्टी ठोक, रेल. पलीकडून दोरी तिच्याबरोबर येत होती, जात होती. ती नुकतीच जरा रेंगाळली म्हणून दोन हिसके बसले होते आणि ती "हो हो, करते" असं पुटपुटलीही होती. तेवढ्यात पुढचं दार उघडलं आणि हातात भाजीची पिशवी घेऊन सासूबाई आत आल्या.

"मागच्या गल्लीत नळासाठी खोदून ठेवलंय," चपला काढत त्या म्हणाल्या. "सगळा चिखल. पुढून यावं लागलं."

सुनेच्या हातातली पट्टी धाग्यांमध्ये तशीच राहिली. कमरेचा पट्टा पाठीला घट्ट लागला होता. दोरी भोकापर्यंत ताठ होती.

"तुम्ही... बाहेर होतात?"

"शिंपिणीकडे. मग भाजी घेतली. का गं?"

"आत्ता? आत्ता तुम्ही पलीकडे नव्हतात?"

"पलीकडे कशाला बसू मी? खिडकीच्या गजाला बांधते आणि मागच्या दारानं जाते. रोजच जाते." मग जराशा खाली बघत त्या म्हणाल्या, "पट्टीचा आवाज नाही ऐकवत मला घरात बसून."

सुनेला आधी काही कळलंच नाही. मग सगळं एकदम कळलं. तिला उठायचं होतं, पण उठणार कशी? या मागावर बसलेल्या बाईला उठून पलीकडे कोण आहे ते बघता येत नाही. बघायला जायचं तर आधी सोडावं लागतं, आणि सोडलं की पलीकडेही सुटतं. तिची बोटं पट्ट्याच्या गाठीशी झटू लागली, पण गाठ सुटेना.

"मग ओढतं कोण?" तिच्या तोंडून निघालं.

"ओढतं म्हणजे?"

"दोनदा. हलकेच. मी सैल पडले की. रोज."

सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली. त्या सुनेच्या शेजारी बसल्या आणि पिशवीतून एकेक जिन्नस काढून जमिनीवर मांडू लागल्या. कांदे, मग कोबी, मग मिरच्यांची पुडी. स्वयंपाकघरात मांडायच्या त्या वस्तू त्यांनी तिथेच एका रांगेत मांडल्या. रांग सरळ केली. मग सुनेच्या मांडीवरचं कापड ओढून घेतलं आणि काठावरून अंगठा फिरवला, शिंपिणीनं फिरवला होता तसाच. काठ जिथे आत येत होता तिथे अंगठा थांबत गेला.

"बाळी," त्या म्हणाल्या.

मुलीचं लाडाचं नाव त्यांच्या तोंडून सुनेनं पहिल्यांदाच ऐकलं.

"तिची खोड होती ती. विणता विणता मध्येच ओढायची. आई, जागी आहेस ना, म्हणून. ओढलं की दोघींचाही काठ आत यायचा. मी किती ओरडायचे. एकदा मोठं काम होतं, अख्खं कापड परत आलं, काठ सरळ नाही म्हणून. तेव्हा मी भिंतीतून ओरडून सांगितलं, पुन्हा ओढलंस तर दोरी कापून टाकीन." त्या थांबल्या. "नाही ओढलं तिनं पुन्हा. त्याच आठवड्यात तापानं पडली."

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"ती गेल्यावर मी इथं बसत होते. किती महिने बसले. म्हटलं, एकदा तरी ओढेल. काठ कसे सरळ यायचे माझे! आखल्यासारखे. ते सरळ काठ बघवेनात, म्हणून माग वर टाकला." त्यांनी सुनेकडे पाहिलं. त्या बघण्यात भीती नव्हती, रागही नव्हता. लहान मुलानं दुसऱ्याच्या हातातल्या खाऊकडे बघावं तसं ते बघणं होतं. "तुला का ओढलं गं तिनं? तू तर तिला पाहिलंही नाहीस."

सुनेचे डोळे भरून आले. भीती होतीच, पण त्याहून जास्त तिला लाज वाटत होती.

"मला वाटलं, तुम्हीच ओढताय," ती म्हणाली. "मला वाटलं, मी तुम्हाला आवडायला लागले."

सासूबाई तिच्या मागे गेल्या आणि पट्ट्याची गाठ त्यांनी सोडली. पट्ट्यानं तिच्या पाठीवर वळ उमटला होता. त्यावरून त्यांनी तळवा फिरवला, एकदा, मग पुन्हा.

"दुखतं?"

"थोडं."

"पहिल्या वर्षी दुखतंच." तळवा जरा वेळ तिथेच राहिला. मग त्या म्हणाल्या, "मला बसू दे गं जरा."

सुनेनं पट्टा त्यांच्या कमरेला बांधला. सासूबाई रेलल्या आणि वय उतरल्यासारखी त्यांची पाठ सरळ झाली. काठी उचलली गेली, धागा गेला, पट्टी बसली. सुनेला इतक्या दिवसांत एकदाही न जमलेला आवाज त्या पट्टीतून निघाला, घट्ट आणि कोरडा. त्या विणत राहिल्या, आणि दोघी भोकाकडे बघत राहिल्या.

काही झालं नाही.

बोटभर कापड विणून झालं, आणखी बोटभर झालं. काठ आखल्यासारखा सरळ. सासूबाईंचे हात हळूहळू मंदावले.

"नाही ओढत," त्या म्हणाल्या. "मला नाही ओढणार ती."

सुनेला ते ऐकवेना. आपल्या वाट्याला आलेलं काहीतरी मुळात आपलं नव्हतंच, हे तिला कळत होतं. आणि ज्यांचं होतं त्या समोर हात टाकून बसल्या होत्या.

"गाठ सैल झाली असेल," ती उठून म्हणाली. "बघून येते."

दोघींनाही माहीत होतं की गाठ सैल नव्हती.

मागच्या खोलीत ती क्वचितच येई. खोलीत फारसं काही नव्हतं. एका खुंटीला जुना पट्टा टांगलेला, आणि जमिनीवर दोन उथळ खळगे, टाचा रोवून रोवून पडलेले. दोरी भोकातून निघून त्या खळग्यांच्या वरून जात समोरच्या खिडकीच्या गजाला बांधलेली होती. गाठ पक्की होती. खिडकी बंद होती. खोलीत भिण्यासारखं काही दिसत नव्हतं. उलट कुणीतरी आत्ताच उठून पाणी प्यायला गेलं असावं, असं वाटत होतं.

तिनं ठरवलं होतं. दोन हिसके. हलकेच, एक आणि लगेच दुसरा. ते कसे द्यायचे हे आता तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? एका म्हातारीचं समाधान होत असेल तर लबाडीही चालेल. ती दोरीकडे सरकली, खळग्यांवर पाय पडू न देता.

भोकातून सासूबाईंचा आवाज आला. भिंतीला तोंड लावून त्या बोलत असाव्यात.

"बाळे, ओढ गं. ओढ आता. काही बोलणार नाही मी."

सुनेनं हात पुढे केला. हात दोरीपासून अजून वीतभर लांब होता, तेव्हा दोरी खळग्यांच्या बरोबर वर जराशी खाली दबली आणि सुटली. आणि पुन्हा दबली.

पलीकडे सासूबाई हसल्या. असं हसू त्या घरात सुनेनं ऐकलं नव्हतं. मग ते हसू मध्येच अडखळलं आणि आवाज आला, घाबरा, विनवणी केल्यासारखा.

"सूनबाई? तूच आहेस ना गं तिथं? खरं सांग. तूच ओढलंस ना?"

ती उत्तर देणार होती. तोंडही उघडलं होतं. पण या खोलीतून दिलेल्या उत्तरावर कोण विश्वास ठेवील? तिनं हात मागे घेतला. मायलेकी आत बोलत असताना मागे व्हावं तशी ती पावलं न वाजवता मागे सरली, मागचं दार उघडून परसात आली आणि चिखल तुडवत दुसऱ्या दारानं स्वयंपाकघरात शिरली. ओट्याला धरून ती क्षणभर उभी राहिली. मग तिनं फळीवरचं मोठं ताट उचललं, हात उंच केला आणि ताट फरशीवर सोडून दिलं.

केवढा तो आवाज! घरभर गेला.

"हातातून निसटलं, आई!" ती मोठ्यानं ओरडली. "मी स्वयंपाकघरात आहे! इकडेच आहे मी!"

ताट फरशीवर गरगरत राहिलं आणि थांबलं. पुढच्या खोलीतून काहीच ऐकू येईना. सासूबाईंना नीट ऐकू गेलं नसेल तर, म्हणून तिनं दुसरं ताट उचलून दोन्ही हातांत धरलं. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता.

मग पुढच्या खोलीत पट्टी ठोकल्याचा आवाज आला, घट्ट आणि कोरडा. त्यामागून सासूबाईंचा आवाज आला, हळू. तिला उद्देशून नव्हता तो.

"येऊ दे," त्या म्हणत होत्या. "येऊ दे काठ आत. तू ओढ."

सुनेनं दुसरं ताट जराही आवाज न करता फळीवर परत ठेवलं.